गट-खरेदीच्या सॉफ्टवेअरने पैसे सांभाळावेत, की दिलेला शब्द?

(कीबोर्डच्या छंदातील चौघांची चर्चा; ‘दुहेरी साचा’, ‘वहीखाते’, ‘तारण’ आणि ‘देठाचा श’ ही त्यांची टोपणनावे.)

दुहेरी साचा :

मेकॅनिकल कीबोर्डचे सुटे भाग गटाने मागवण्याचे, म्हणजे आपण ज्याला ग्रुप बाय म्हणतो ते काम सांभाळण्यासाठी मी एक छोटे सॉफ्टवेअर लिहीत आहे. त्याच्या आराखड्यातील एका निर्णयावर मला आपली मते हवी आहेत. माझे म्हणणे असे, की या सॉफ्टवेअरने सभासदांचे पैसे स्वतःकडे घेऊच नयेत. कोणाला, कधी आणि नेमके काय कबूल केले गेले याची पुसता न येणारी नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम असावे.

ज्यांनी अशा खरेदीत कधी भाग घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कीकॅप म्हणजे कळीवरची टोपी. डबल-शॉट प्रकारच्या कीकॅपवर अक्षर छापलेले नसते. एका रंगाच्या प्लास्टिकमध्ये दुसऱ्या रंगाचे प्लास्टिक साच्यात भरून ते घडवलेले असते, म्हणून ते वर्षानुवर्षे झिजत नाही. मात्र प्रत्येक नव्या अक्षराला नवा साचा लागतो, आणि साच्याचा खर्च वसूल व्हावा म्हणून कारखाना किमान संख्या ठरवून देतो व आगाऊ रक्कम मागतो. आयोजक आधी इंटरेस्ट चेक घेतो, म्हणजे किती जण घ्यायला तयार आहेत ते विचारून पाहतो, मग ठरावीक मुदतीत पैसे गोळा करतो, आणि त्यानंतर सगळे वाट पाहतात. महामारीच्या काळात जर्मनीतील जीएमकेसारख्या कारखान्यांच्या रांगा वर्षाच्याही पुढे गेल्या होत्या. एवढ्या काळात माणसे घर बदलतात, नोकरी बदलतात, आणि आपण काय मागवले होते हेही विसरतात.

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळफलक-मांडणी आहे. तिच्या देवनागरी किटच्या, म्हणजे कीकॅपच्या संचाच्या, एका खरेदीचा मी आयोजक होतो. इंटरेस्ट चेकमध्ये १४० जणांनी होकार दिला, पैसे ५८ जणांनी भरले, आणि किमान संख्या ६० होती. उरलेली दोन किट मी माझ्या पैशाने घेतली. ते मला जड गेले नाही. जे जड गेले ते वेगळेच होते. कारखान्याकडून मंजुरीसाठी आलेल्या चित्रात एन या कळीवरचा ‘ल’ हिंदी छपाईच्या वळणाचा होता. शिफ्ट दाबून जिथे ‘ळ’ उमटतो त्याच कळीवर आपला पाकळीचा ‘ल’ नसावा हे मला पटेना, म्हणून मी तो बदलून घेतला. माल आल्यावर ११ जणांनी सांगितले की त्यांनी पैसे भरले तेव्हाच्या चित्रात हा ‘ल’ नव्हता. ते खरे बोलत होते. व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळी चित्रे फिरली होती, आणि माझ्या स्प्रेडशीटच्या रकान्यात फक्त ‘ल’ एवढेच लिहिलेले होते. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. वळण कोणते दिसावे हे फॉन्ट ठरवतो. त्यामुळे कोणी कोणते चित्र पाहून होकार दिला हे माझी नोंद सांगूच शकत नव्हती.

म्हणून नव्या आराखड्यात चित्र, किंमत आणि अपेक्षित महिना यांच्या प्रत्येक बदलाला स्वतंत्र आवृत्ती क्रमांक मिळतो, आणि प्रत्येकाचा भरणा त्या त्या आवृत्तीला बांधला जातो. चुकलेली नोंद खोडता येत नाही. जमाखर्चाच्या वहीत करतात तशी उलट नोंद करून ती रद्द करावी लागते. पत्ता सुरुवातीला विचारलाच जात नाही, माल आयोजकाच्या हातात आल्यावर विचारला जातो.

वहीखाते :

मी आजवर चार खरेद्या स्प्रेडशीट आणि एका चॅट गटावर पार पाडल्या आणि चारही वेळा शेवटच्या माणसापर्यंत पाकीट पोहोचवले. माझे आक्षेप दोन आहेत आणि दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिला असा, की एका हौशी माणसाने लिहिलेले सॉफ्टवेअर त्याच्या हौसेइतकेच टिकते. तुमची बदली झाली, सर्व्हरचे भाडे थकले, की वर्षभर चालणाऱ्या खरेदीची नोंद मध्येच बंद पडेल. स्प्रेडशीट उघडायला कोणाची परवानगी लागत नाही आणि आयोजक आजारी पडला तर दुसरा कोणीही ती पुढे चालवू शकतो.

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे. आज नवखा माणूस पैसे भरण्यापूर्वी चार जुन्या सभासदांना विचारतो, की हा आयोजक कसा आहे, मागचा माल वेळेवर आला का. हे विचारणे हेच त्याचे संरक्षण आहे. त्याच्यासमोर आवृत्ती क्रमांक, टप्पे आणि हिरव्या खुणा असलेले नीटनेटके पान आले की तो विचारणे सोडून देईल आणि अनोळखी माणसावरचा विश्वास पानावरच्या विश्वासात मिसळून जाईल. या छंदात जे आयोजक बुडाले त्यांच्यापैकी अनेकांच्या नोंदी वाईट नव्हत्या. त्यांनी नव्या खरेदीच्या पैशातून जुन्या खरेदीची देणी भागवली होती, आणि हे कोणत्याही रकान्यात दिसत नाही. तुमचा ‘ल’ ही खरी अडचण आहे, पण अंतिम चित्राची एक पीडीएफ सर्वांना ईमेलने पाठवली असती तरी ती सुटली असती.

दुहेरी साचा :

पहिला आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि त्यामुळे आराखड्यात भर घालतो. सगळ्या नोंदी रोज रात्री साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये उतरवल्या जातील, प्रत्येक सभासदाला ती मिळेल आणि ती कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल. अर्थात त्या फाइलमध्ये नाव, मोबाइल क्रमांक असे काही नसेल, फक्त सभासद क्रमांक असतील. उघड्या लिंकवरच्या स्प्रेडशीटमध्ये साठ घरांचे पत्ते वर्षभर पडून असणे हे आपण फार सहज चालवून घेतो.

पीडीएफविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. ती पाठवली याची नोंद माझ्याकडे राहिली असती. ती पाहून समोरच्याने होकार दिला याची नोंद राहिली नसती. माझे भांडण नेमके याच फरकाशी आहे.

तारण :

मी विरुद्ध बाजूने आक्षेप घेतो. आपण दोघेही नोंदीवर वाद घालत आहात, पण सभासदाचे नुकसान नोंदीने भरून येत नाही.

एका खरेदीत माझे ११,५०० रुपये गेले. आयोजकाने दिलेली प्रत्येक तारीख माझ्याकडे होती, भरण्याची पावती होती, चित्र होते; पैसे तेवढे परत मिळाले नाहीत. कार्डाने भरले होते, पण आठ महिने ‘पुढच्या महिन्यात’ ऐकत बसलो आणि बँकेकडे तक्रार करण्याची मुदत त्यातच संपली. तुमच्या सॉफ्टवेअरने हे सगळे अधिक काटेकोरपणे नोंदवले असते आणि माझी स्थिती तीच राहिली असती. पैसे तिऱ्हाइताकडे राहावेत आणि टप्प्याटप्प्याने सुटावेत, ही सोय नसेल तर बाकी सर्व सोयी दुय्यम आहेत. मॅसड्रॉप हे गट-खरेदीचे संकेतस्थळ २०१२ साली सुरू झाले तेव्हा जितके लोक सामील होतील तितकी किंमत उतरत जाईल, अशीच त्यांची पद्धत होती. ते पैसे स्वतः घेत होते आणि काही अडले तर विचारायला एक कंपनी होती.

दुहेरी साचा :

आपले नुकसान झाले याचे मला वाईट वाटते, आणि आपल्या प्रश्नाला टाळून मला पुढे जायचे नाही.

मॅसड्रॉप ही कंपनी होती हाच त्यातला मुख्य फरक आहे. पुढे ती हळूहळू दुकान झाली, २०१९ मध्ये तिचे नाव ड्रॉप झाले आणि २०२३ मध्ये ती कॉर्सेअर या संगणक-साहित्याच्या कंपनीने घेतली. पैसे सांभाळायचे तर कर्मचारी, परवाने आणि नफा हे सगळे लागते. भारतात तर वाट आणखी अवघड आहे. लोकांकडून पैसे गोळा करून विक्रेत्यांना देणाऱ्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम केले, आणि त्यांनुसार अर्जाच्या वेळी १५ कोटींची व पुढे २५ कोटींची निव्वळ मालमत्ता दाखवावी लागते. साठ जणांच्या कीकॅपसाठी हे कोणी करणार नाही, आणि न करता पैसे धरणे मला योग्य वाटत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी पैसे तिऱ्हाइताकडे ठेवण्याची कल्पना इथे अर्धीच चालते. कारखाना काम सुरू करण्याआधी पैसे मागतो. म्हणजे ऑर्डर गेली की तिऱ्हाइताकडचा मोठा हिस्सा बाहेर पडलेला असतो आणि सर्वाधिक धोक्याच्या वर्षभरात ती तिजोरी जवळपास रिकामी असते.

तारण :

जवळपास रिकामी, पूर्ण नाही, आणि त्याआधीचा काळही धोक्याचाच असतो. किमान संख्या गाठेपर्यंत पैसे आयोजकाच्या खात्यात का जावेत? यूपीआयमध्ये २०१८ पासून मँडेटची सोय आहे. रक्कम सभासदाच्याच खात्यात अडवून ठेवता येते आणि वेळ आल्यावर वळती होते. संख्या भरली नाही तर परत करण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय भारतातले कुरियर आणि कस्टम्सचे पैसे वर्षभर आधी घेण्याचे कारण काय? माझ्या आयोजकाने जे पैसे दुसरीकडे वळवले त्यात कुरियरचे पैसे पहिले होते, कारण त्यांची गरज सर्वांत शेवटी पडणार होती.

दुहेरी साचा :

या दोन्ही सूचना मी जशाच्या तशा घेतो. दुसरीचा तर मी विचारही केला नव्हता. भरणा दोन भागांत होईल : वस्तूची किंमत ऑर्डरच्या वेळी, आणि मालवाहतूक, कर व कुरियर माल बंदरात किंवा विमानतळावर आल्यावर. तेव्हा खरा आकडा हातात असेल, अंदाज नव्हे.

देठाचा श :

मी सभासद म्हणून अनेक खरेद्यांत भाग घेतला आहे आणि एकदा एका आयोजकाला माल वेगळा करायला मदत केली आहे. खोलीभर पसरलेल्या पिशव्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, आणि रात्री दोन वाजता एका पिशवीत क्षकाराची कळ कमी निघालेली. म्हणून मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण दोन ठिकाणी आराखडा मला कच्चा वाटतो.

खर्चाची वाटणी डोकी मोजून करू नका. कर किमतीवर लागतो, भाडे वजनावर किंवा खोक्याच्या आकारमानावर लागते. ज्याने एकच छोटे किट घेतले त्याने तीन किट घेणाऱ्याइतका भार का उचलावा? आणि हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण अंकांत ठेवा. ४१,३०० रुपये ५८ जणांत वाटले तर प्रत्येकी ७१२ रुपये ६ पैसे होतात आणि ५२ पैसे उरतात. ते कोणाच्या नावावर टाकायचे याचा नियम आधी ठरलेला नसला तर बेरीज कधीच जुळत नाही.

माझी मोठी काळजी होकाराविषयी आहे. प्रत्येक बदलाला प्रत्येकाचा नवा होकार हवा असे ठरवले, तर जो माणूस संदेश वाचतच नाही तो सगळ्यांना अडवून ठेवेल. कारखान्याच्या रांगेतली जागा हातची गेली की चार-सहा महिने जातात. करड्या रंगाची छटा किंचित हलली तर तो बदल मानायचा का? खोक्यावरचे चित्र बदलले तर? ही रेषा आयोजक एकटा ओढणार असेल तर आपण पुन्हा त्याच्या शब्दावरच येऊन थांबतो.

वहीखाते :

देठाचा श यांनी नेमके बोट ठेवले आहे. माझा विरोध अजून मावळलेला नाही, पण हे करणारच असाल तर एक मागणी करतो. आयोजकाची आधीची कोणतीही खरेदी अपुरी असेल, तर नव्या खरेदीच्या पानावर किमतीच्याही वर ते लिहिलेले असावे : किती जणांचा माल बाकी आहे आणि किती महिने झाले. ते आयोजकाला लपवता येऊ नये. आणि कारखान्याला पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद जोडल्याशिवाय ‘ऑर्डर दिली’ हा टप्पा पुढे सरकू नये. एवढे झाले तर नवखा माणूस निदान योग्य प्रश्न विचारील.

दुहेरी साचा :

दोन्ही मान्य. बँकेच्या कागदावरचा खाते क्रमांक झाकण्याची सोय तेवढी मला करावी लागेल.

होकाराची रेषा मी आता अशी आखतो. कोणते बदल मोठे मानायचे याची यादी खरेदी सुरू होण्यापूर्वीच प्रसिद्ध होईल आणि तीही पहिल्या आवृत्तीचा भाग असेल, म्हणजे पैसे भरणारा ती पाहूनच भरेल. अक्षराचे वळण, प्लास्टिकचा प्रकार आणि किमतीतली वाढ हे मोठे बदल. खोके आणि किरकोळ छटा यांची फक्त सूचना जाईल. मोठ्या बदलावर दहा दिवसांत उत्तर न देणाऱ्याचे मौन होकार मानावे असे मला वाटत होते, पण मौनाला होकार मानणे हीच माझ्या ‘ल’च्या वेळची चूक होती. म्हणून मौन म्हणजे माघार, आणि पैसे परत.

मात्र इथेच माझे घोडे अडले आहे. त्या ११ जणांपैकी चौघांनी किट परत केली, मी त्यांना पूर्ण रक्कम दिली, आणि ती चार किट आजही माझ्या कपाटात आहेत. साच्याचा खर्च तर झालाच होता. कोणी माघार घेतल्याने संख्या किमान मर्यादेखाली आली, तर ती तूट आयोजकाने भरावी, उरलेल्यांत वाटावी, की सुरुवातीलाच प्रत्येकाकडून थोडी राखीव रक्कम घ्यावी? राखीव रक्कम घेतली की कोणाचे तरी पैसे कोणीतरी धरून बसणार, आणि तेच मला टाळायचे होते. तारण यांचे याविषयी काय म्हणणे आहे ते मला ऐकायचे आहे.