सदाशिव पेठेतील विद्यार्थिनी निवासात सामाईक जागा कुठे असावी?

प्रश्न (जागामालक, पुणे)
आमच्या जुन्या वाड्याच्या जागी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या साठ मुलींसाठी निवास बांधायचे ठरले आहे. रस्त्याच्या बाजूला झेरॉक्स आणि पुस्तकांची दुकाने, वरच्या तीन मजल्यांवर प्रत्येकी वीस जणींच्या खोल्या. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर ठेवावी की तळघरात, हे ठरत नाही. गच्चीवर एकच मोठे सामाईक दालन करावे असा सल्ला मिळाला आहे. पण ते ओस पडेल अशी मला भीती वाटते.

उत्तर १ (वास्तुरचनाकार, नाशिक)
आपली भीती रास्त आहे. कोपनहेगनमधील टीटगेन वसतिगृहात ३६० खोल्या आहेत, परंतु स्वयंपाकघर बारा खोल्यांमागे एक, अशी तीस आहेत. इमारत वर्तुळाकार असून खोल्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला आणि स्वयंपाकघरे आतल्या चौकाकडे पुढे आलेली आहेत, त्यामुळे समोर कोण जेवायला बसले आहे हे सहज दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. कार्यशाळा, अभ्यासाच्या खोल्या, कपडे धुण्याची सोय मात्र सर्वांसाठी तळमजल्यावर आहे. आपल्या वाड्यांतला चौक तरी याहून वेगळे काय करत होता? प्रत्येक मजल्यावर दहा-दहा जणींची दोन स्वयंपाकघरे करा आणि ती जिन्यातून खोलीकडे जाण्याच्या वाटेवरच ठेवा.

उत्तर २ (माजी विद्यार्थिनी, लातूर)
मी याच भागात चार वर्षे कॉट बेसिसवर राहिले. खोलीत चार कॉट, जेवणाला मेसचा डबा आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत. आमच्याकडे बोलण्याची एकच जागा होती, ती म्हणजे जिन्याच्या वळणावरचा पाण्याचा फिल्टर. बाटली भरेपर्यंत जे बोलणे होई तेवढेच. पूर्व परीक्षेच्या निकालाच्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीचा डबा न उघडताच राहिला आणि ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. दहा जणींचे ताट एकत्र वाढले जात असते, तर ते त्याच रात्री कोणाच्या तरी लक्षात आले असते. शिवाय मोठ्याने पाठांतर, गटचर्चा आणि मुलाखतीचा सराव यांसाठी अभ्यासिकेपासून दूर, दार नीट लागणारी एक छोटी खोली अवश्य ठेवा.

उत्तर ३ (स्थापत्य अभियंता, पुणे)
तळघराचा विचार कृपया सोडून द्या. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. अभ्यासिका पहिल्या मजल्यावरच घ्या, बाहेर पडायला दोन स्वतंत्र जिने द्या आणि दुकानांची ये-जा मुलींच्या प्रवेशद्वारापासून पूर्ण वेगळी ठेवा.

जागामालक
तळघर रद्द केले आहे. गच्चीवरच्या दालनाचा खर्च सहा स्वयंपाकघरांकडे वळवून नवा आराखडा मागवतो.