शब्दचर्चा : रंजना, लांत्सा, भुजिमोल… नक्की कुठली लिपी?

मुक्काम पोस्ट :
एका लेखात "नेवारी लिपी उर्फ रंजना" असं वाचलं, दुसरीकडे तसल्याच अक्षरांच्या फोटोखाली "तिबेटी लांत्सा" लिहिलंय आणि तिसरा एक जण भुजिमोल भुजिमोल करतोय. हे सगळं एकच आहे का वेगवेगळं? आणि लिपीचं नाव रंजना कसं काय, आमच्याकडे दर गल्लीत एक रंजनाताई असते म्हणून विचारतोय. मराठीत लिहिताना कुठला शब्द वापरायचा?

बोरूबहाद्दर :
"नेवारी लिपी उर्फ रंजना" ही सरळसरळ गल्लत आहे. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांची एकच एक लिपी नाही, अख्खं खानदान आहे आणि त्याला मिळून नेपाललिपी म्हणतात. मूळ ब्राह्मी, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत भावंडंच, पण भाषा मात्र (नेपालभाषा) तिबेटी-बर्मी कुळातली, तिचा संस्कृतशी रक्ताचा संबंध नाही, नुसता शेजार.

त्यातल्या ठळक तीन धरा. भुजिमोल जुनी, ताडपत्रांवर सापडते. रंजना साधारण ११व्या शतकापासूनची, थाटामाटाची, बौद्ध पोथ्या आणि मंत्र लिहायची. आणि तिसरी प्रचलित, जी नावाप्रमाणेच रोजच्या कामाची, खतं-दस्तऐवज, हिशेब, पोथ्या सगळं तिच्यात चालायचं.

आता नावांची गंमत. आपण डोक्यावरच्या रेघेला शिरोरेषा म्हणतो आणि विसरून जातो, नेवारांनी त्या डोक्यांवरूनच लिप्यांची बारशी केली. मोल म्हणजे डोकं (किंमत नव्हे!). भुजिं म्हणजे माशी, म्हणून भुजिमोल म्हणजे माशीच्या डोक्याची. गोलमोल गोल डोक्याची, कुंमोल कोपरेवाल्या डोक्याची, शिवाय पाचुमोल, हिंमोल, क्वेंमोल, लितुमोल असे आणखी प्रकार आहेत. भुजिमोल जवळून बघा, अक्षराच्या माथ्यावर सरळ रेघ नसून आकड्यासारखा (हुकासारखा) बाक असतो. इंग्रज संस्कृत अभ्यासक बेंडॉलने १८८३ साली केंब्रिजच्या नेपाळी पोथ्यांची सूची केली त्यात तो या वळणाला आकडेवालीच म्हणतो. त्याला माशी दिसली नाही, आकडा दिसला.

सुपारीचं खांड :
मोल = डोकं, मग आपलं "गोलमाल" तिथूनच आलं असणार 😄

बोरूबहाद्दर :
नाही हो राव, नुसता आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. उद्या म्हणाल मोलकरीण म्हणजे डोकं करणारी.

पाटीपेन्सिल :
रंजना नावाबद्दल. संस्कृत रञ्ज् धातू, रंगणे, रंगवणे, खूश करणे, आपलं मनोरंजन त्यातलंच. नाव शोभतंही, कारण ही लिपी लिहीत नाहीत, सजवतात. रुंद टोकाचा, तिरका कापलेला बोरू लागतो. उभी रेघ वर जाडजूड आणि खाली निमुळती होत जाते, डाव्या बाजूची वळणं पोटात घेतल्यासारखी, आणि प्रचलितमध्ये माथ्याची रेघ सपाट सलग जाते तशी इथे जात नाही, प्रत्येक अक्षर आपापली जाड टोपी घालून उभं. काळ्या-निळ्या कागदावर सोन्याच्या शाईने लिहिलेल्या प्रज्ञापारमितेच्या (महायान बौद्धांचा ग्रंथ) पोथ्या बघितल्यात का? फोटो तरी बघाच.

हीच रंजना तिबेटात गेली आणि तिथल्या तोंडी लांत्सा झाली. तिबेटी ग्रंथांच्या पहिल्या पानावर संस्कृत नाव लांत्सात घालायची पद्धत आहे, प्रार्थनाचक्रांवरचं ॐ मणि पद्मे हूँ पण बरेचदा याच अक्षरात असतं आणि लोक ते तिबेटी समजून फोटो काढतात. तिथे हिची एक बहीणही आहे, वर्तु, म्हणजे आपल्या ओळखीचा वर्तुळ शब्द.

मुक्काम पोस्ट :
आणि ते उभं एकावर एक अक्षरांचं चित्र असतं, रंगीत, ते पण रंजनाच का?

पाटीपेन्सिल :
हो, त्याला कूटाक्षर म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध ते कालचक्र या बौद्ध तंत्राचं, खालून वर य र व ल म क्ष ह असे एकावर एक रचलेले आणि माथ्यावर चंद्रकोर न् बिंदू. आपण "कार्त्स्न्य" लिहिताना घामाघूम होतो, इथे सात अक्षरांचा मनोरा आणि तरी वाचता येतो.

आजीचा बटवा :
माझा इंटरेस्ट वेगळाच आहे. नेपालभाषेत म्ह, न्ह, ल्ह असे ध्वनी आहेत, अगदी आपल्या म्हैस, न्हाणं, कोल्हा सारखे. दिवाळीत नेवारांची म्हपूजा असते, म्ह म्हणजे शरीर, स्वतःच्या देहाची पूजा, ज्या दिवशी आपल्याकडे पाडवा त्याच कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, कारण त्या दिवशी त्यांचं नेपाळ संवत सुरू होतं (इ.स. ८७९ पासूनचं, आता ११४० च्या पुढे गेलंय). नवीन वर्षाला "न्हूदँ" म्हणतात, न्हू म्हणजे नवीन. मराठी माणूस हे शब्द एका दमात बरोबर वाचतो, हिंदीवाल्या मैत्रिणीला दिले तर ती "महपूजा" वाचते.

आणि लिपीत याचं काय केलंय बघा, युनिकोडमध्ये (संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं जागतिक मानक) या लिपीच्या तक्त्यात म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह ही स्वतंत्र अक्षरं आहेत, म ला ह जोडून नाही. आपल्या बाराखडीत म्ह ला असा मान कधी मिळाला नाही, कायम जोडाक्षर म्हणूनच राहिला बिचारा.

दप्तरखाना :
नेपाळच्या राणा सत्ताधाऱ्यांनी लिपीवर बंदी घातली आणि लिपी मेली असं सर्रास फिरतं, ते मला अर्धवट वाटतं. राणा राजवटीने भाषेची गळचेपी केली हे खरंच, चित्तधर हृदय कवी १९४१ ते ४५ तुरुंगात होते. पण १९०९ मध्ये निष्ठानंद वज्राचार्यांनी नेपालभाषेतलं पहिलं पुस्तक खिळे (छपाईचे टाइप) जुळवून छापलं ते देवनागरीत. स्वतःच्या लिपीचे खिळे ओतणार कोण? मोडीचं आपल्याकडे वेगळं काय झालं, तिच्यावर कुणी पोलीस सोडले नव्हते, छापखाना आणि शाळा देवनागरीच्या बाजूला गेल्या आणि विषय संपला. नेवारांच्या बाबतीत दोन्ही मार एकदम बसले, एवढाच फरक.

जाता जाता, काठमांडूला गेलात तर हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याच्या भिंतीवर प्रताप मल्लाचा १६५४ चा शिलालेख बघा. राजाला लिप्या-भाषांची हौस, १५ प्रकार एका दगडावर खोदून घेतलेत, त्यात मधेच रोमन अक्षरांत फ्रेंच "ऑटोम" आणि इंग्रजी "विंटर" पण आहे. लोक म्हणतात जो पूर्ण वाचेल त्याच्यासाठी खालच्या तोटीतून दूध येईल. अजून पाणीच येतंय.

मुक्काम पोस्ट :
वा, धागा वसूल. मग मराठीत काय लिहू, नेवारी लिपी चालेल?

बोरूबहाद्दर :
"नेवारी" शब्द त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना खटकतो, भाषेला नेपालभाषा म्हणा, तेच त्यांचं जुनं नाव आहे, नेपाळ आणि नेवार हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. लिपीचं नाव समोर जी असेल तेच घ्या, रंजना असेल तर रंजना, प्रचलित असेल तर प्रचलित, सगळ्यांबद्दल बोलायचं असेल तर नेपाललिपी. नावावरून खुद्द त्यांच्यातही एकमत नाही, युनिकोडला प्रस्ताव गेले तेव्हा एकात प्रचलित तर दुसऱ्यात नेपाललिपी, शेवटी २०१६ ला "नेवा" नावाने घेतली. (आपली मोडी २०१४ ला गेली, तेवढ्यात तरी आपण पुढे.)

आणि एक, ती जी युनिकोडमध्ये गेली ती प्रचलित, रंजना त्यात नव्हती. नेटवर मिळणारे रंजनाचे बरेच फाँट देवनागरीवर मुखवटा चढवलेले असतात, कॉपी करून इथे पेस्ट केलंत की खालची देवनागरीच दिसेल, तेव्हा "माझ्याकडे दिसत नाहीये" म्हणून नवीन धागा काढू नका प्लीज.