डोनेगल (आयर्लंड): ५ दिवस, आई-बाबांसोबत, भाड्याची गाडी. मार्ग कसा आखावा?

यवतेश्वर_पायथा (सातारा)
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डब्लिनहून डोनेगलला जायचं ठरतंय. येण्याजाण्यासकट ५ दिवस, ४ मुक्काम. बाबांच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही, सपाटीवर दोनेक किलोमीटर आरामात चालतात. गाडी मीच चालवणार. यादीत स्लीव्ह लीगचे कडे, ग्लेनव्हेचा किल्ला, माघेराच्या गुहा, फॅनडचं दीपगृह आणि मॅलिन हेड आहे. नकाशा डब्लिन ते लेटरकेनी साडेतीन तासांच्या आत दाखवतोय, म्हणून चारही मुक्काम लेटरकेनीत करावेत असं वाटतंय. काही चुकतंय का? आणि गाळायचंच झालं तर काय गाळू?

माहुली_संगम
सगळ्यात आधी व्हिसा बघा, मुक्कामाचं नंतर. नकाशा जो जवळचा रस्ता दाखवतोय तो ओमा आणि स्ट्रबेनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून जातो. तो युनायटेड किंगडमचा भाग. सीमेवर नाका नाही, फाटक नाही, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत होतात. म्हणून लोकांना वाटतं चालतं. चालत नाही, नुसत्या आयरिश व्हिसावर तिकडे पाऊल टाकणं बेकायदा आहे.

भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसाच्या स्टिकरवर 'बी.आय.व्ही.एस.' असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर उत्तरेतही जाता येतं, मात्र पहिला प्रवेश आयर्लंडमध्येच व्हायला हवा. तिघांचेही स्टिकर तपासा. एकावर शेरा नसेल तर मार्ग बदला. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेरा नसल्यास डब्लिनहून एन ४ ने स्लायगो आणि पुढे एन १५ ने डोनेगल गाव. हा रस्ता पूर्ण आयर्लंडमधूनच जातो, थांबे धरून साडेचार तास धरा. बसने जायचा विचार आला तर डब्लिन-डोनेगल बससुद्धा एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तरेतूनच जाते. डोनेगलमध्ये रेल्वे नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
चारही मुक्काम लेटरकेनीत नकोत. स्लीव्ह लीग नैऋत्येच्या टोकाला, मॅलिन हेड उत्तरेच्या. रोज तीन-चार तास गाडीतच जातील. पहिले दोन मुक्काम डोनेगल गाव ते आर्डारा या पट्ट्यात करा, पुढचे दोन लेटरकेनीत. मी असतो तर फॅनड गाळला असता. ठिकाण सुंदरच आहे, पण मनोऱ्याच्या पायऱ्या गुडघ्यांना जड जातील, आणि मॅलिन हेडला गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते.

स्लीव्ह लीग सुमारे ६०० मीटर, मोहरच्या प्रसिद्ध कड्यांच्या जवळजवळ तिप्पट. खालच्या वाहनतळापासून बनग्लासच्या पॉइंटपर्यंत रस्ता चढाचा आहे, बाबांसाठी शटल घ्या. वाटेतलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या मोकळ्या असतात. पॉइंटच्या पुढे वन मॅन्स पासकडे जाणारी धार अरुंद आहे, वाऱ्यात आणि ओल्यात तिकडे जायचं नाही. खरी अडचण ढगांची. पावसाळ्यात आर्थर सीटला जसं पाच पावलांवरचं दिसत नाही, तसंच. पण वारा सतत असल्यामुळे ढग तासाभरात फाटतोही. म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, वर थांबायला वेळ हवा. छत्री घरीच ठेवा. वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. टोपीचं जॅकेट आणि पावसाची पँट लागते.

माघेरा भरती-ओहोटीवर अवलंबून. गुहा फक्त ओहोटीला मोकळ्या होतात. ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी वाळूवर उतरा आणि पाणी फिरायच्या आत परत या, कारण भरतीचं पाणी गुहांच्या तोंडाशी आधी येतं आणि परतीची वाट बंद करतं. तिथे पोहू नका, प्रवाह ओढून नेतो. वेळ जुळली नाही तर गुहा सोडा. गुहांच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच असारांका धबधबा आहे, बाबांना गाडीतून उतरून दहा पावलांत दिसेल.

कॅरिकहून आर्डाराला जाताना ग्लेनगेश खिंड लागते. पसरणी घाट चढवलेल्याला वळणांचं काही वाटणार नाही, पण रस्ता अरुंद. समोरून गाडी आली की ज्याला रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायचं. गाड्या बहुतेक हातगिअरच्या मिळतात, ऑटोमॅटिक हवी तर आधीच नोंदवा. फेब्रुवारी २०२५ पासून गावाकडच्या स्थानिक रस्त्यांना सर्वसाधारण मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, आधी ८० होती.

पाट्यांचं एक सांगतो. आयरिश भाषिक पट्ट्यात गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात. 'डंग्लो' शोधत राहिलात तर ते सापडणारच नाही, पाटीवर 'अन क्लोखान लीअ' असतं, आणि स्पेलिंगचा उच्चाराशी मेळ लागत नाही. नकाशातून दोन्ही स्पेलिंगं उतरवून घ्या.

यवतेश्वर_पायथा
खूप आभार. स्टिकर पाहिले, तिघांवरही शेरा आहे. तरी जाताना स्लायगोवरूनच जातो. ग्लेनव्हेला चालणं किती? आणि मॅलिन हेडला जाताना काही अडचण?

माहुली_संगम
ग्लेनव्हेला वाहनतळ ते किल्ला साधारण ४ किलोमीटर, तळ्याकाठाने. जायला मिनीबस घ्या, येताना जमेल तितकं चाला. किल्ला जॉन जॉर्ज अडेअरने १८७०च्या सुमारास बांधला. त्याच माणसाने १८६१ मध्ये डेरीव्हेच्या कुळांना घरांतून बाहेर काढलं होतं, हे माहीत असलं की त्या निर्जन दरीकडे वेगळ्या नजरेने बघाल.

वाट सोडून हिरवळीवर जाऊ नका. दिसायला आपल्या कासच्या सड्यासारखंच मोकळं माळरान, पण सड्यावर पावलाखाली जांभा असतो. इथे शेवाळ आणि गवताखाली पीट आहे, हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत साचलेला काळा, स्पंजासारखा थर. पाय गुडघ्यापर्यंत जातो. घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे बूट सगळ्यांना घ्या.

जूनमध्ये मिज नावाची बारीक चिलटं असतात. वारा पडला, दमट हवा असली की सकाळ-संध्याकाळ थव्याने येतात आणि चावतात. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, थांबायचं तर वाऱ्यावर थांबा.

मॅलिन हेडला जाताना लेटरकेनीहून एन १३ धरा आणि ब्रिजएंडला डावीकडे बंक्रानाचा रस्ता घ्या. ते वळण चुकलं की थेट डेरीत, म्हणजे उत्तरेत. तुमच्याकडे शेरा आहे म्हणून गुन्हा नाही, पण गाडीचा विमा सीमेपलीकडे लागू आहे का ते भाड्याच्या कागदात आधी बघा. वाटेत बर्टजवळ ग्रियानन ऑफ एलियाख हा दगडी गोल कोट आहे, गाडी शेजारपर्यंत जाते. मॅलिनला १८०५ चा टेहळणी मनोरा आहे आणि खाली जमिनीवर पांढऱ्या दगडांत 'एरे' हे देशाचं नाव आणि ८० हा आकडा. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ होता, वरून जाणाऱ्या वैमानिकांना कळावं म्हणून ती अक्षरं मांडली होती.

कृष्णाकाठ (सांगली)
एक राहिलं. डब्लिनला कुणासाठी कंदी पेढे नेणार असाल तर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. खवा, तूप, पेढे सगळं विमानतळावर काढून घेतात. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी चालते, पण सीलबंद, घटकांची चिठ्ठी असलेलं पाकीट न्या.