मदत हवी आहे: सिंगल कॉइल पिकअपची घूंऽऽ कशी कमी करावी?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं; सिंगल कॉइलमध्ये वेटोळं एकच), स्ट्रॅट म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे. गेन (अ‍ॅम्प्लिफायरवरची सिग्नलची वाढ) वाढवला की ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरावर स्वार होते.

सिलेक्टर (पिकअप निवडायची कळ) दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालवला, की ती जवळपास जाते, म्हणजे मधल्या पिकअपचं वाइंडिंग आणि चुंबक उलटे असणार. पण मला एकट्या नेक (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपचाच आवाज हवा असतो! तारांना हात लावला की वरची करकर थांबते, खालची घूंऽऽ तशीच राहते. गिटार घेऊन जागच्या जागी फिरलं तर एका दिशेला ती बरीच उतरते, अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरजवळ गेलं की वाढते. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनने तपासलं आहे, ते नीट आहे.

आता आतून तांब्याची पट्टी चिकटवायचा विचार आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तांबं विद्युत क्षेत्राची करकर अडवतं, ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ते फारसं रोखत नाही. मग एवढा खटाटोप करावा का?

दुसरा मार्ग एकावर एक कॉइल असलेल्या स्टॅक्ड पिकअपचा. कुणी सिंगल कॉइल काढून ते बसवलेत का? वरच्या पट्टीतली चमक कितपत टिकते? की डमी कॉइल (चुंबक नसलेलं, फक्त घूंऽऽ पकडून ती उलटी मिसळणारं जादा वेटोळं) बरी? नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं उपकरण) मात्र सुचवू नका. विरत जाणारा सूर तो मध्येच तोडतो, आणि मला तोच सूर जपायचा आहे.