पाच मेगापिक्सेलचे कॅमेरे बसवले आणि मागचं रेकॉर्डिंग सहा दिवसांवर आलं

परभणी_आडत

नमस्कार मंडळी. परभणीच्या नव्या मोंढ्यात आमची आडत आहे. दुकान वडील बघतात, हिशोब आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. दसऱ्याला आम्ही आठही कॅमेरे बदलले. आधीचे एक मेगापिक्सेलचे होते, काट्यावरचा आकडा वाचता यायचा नाही. नवे पाच मेगापिक्सेलचे घेतले. त्यांच्यासाठी डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा, तोही नवा आला, पण हार्डडिस्क चांगली आहे म्हणून बसवणाऱ्याने जुनीच त्यात घातली, दोन टीबीची. चित्र इतकं स्वच्छ की कट्ट्याची शिलाई दिसते. सगळे खूश होते.

दिवाळीनंतर पूर्णा तालुक्यातले एक काका आले. वीस वर्षांपासून त्यांचा माल आमच्याकडेच येतो. म्हणाले, "पोरी, मी एकतीस कट्टे सोयाबीन घातलं होतं, पट्टी अठ्ठावीसची आलीय." माल उतरून सतरा दिवस झाले होते. टेम्पोवाल्याला आठवेना, हमालांना आठवेना. मी म्हटलं, काका थांबा, कॅमेऱ्यात बघू. खुर्ची ओढून त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. प्लेबॅकचं कॅलेंडर उघडलं तर शेवटच्या सहा तारखांनाच रंग, बाकीचा महिना कोरा. काका त्या कोऱ्या महिन्याकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

वडिलांनी तीन कट्ट्यांचे पैसे तिथल्या तिथे दिले. काकांनी घेतले, पण आम्ही मुद्दाम पुसलं असं त्यांना वाटलं, हे दिसत होतं. काल कळलं, घरात राहिलेलं सोयाबीन त्यांनी दुसऱ्या आडतीवर घातलं. पैशापेक्षा हे जास्त लागलं. आमच्याकडून मोजणीत चूक झाली असेल तर तीही मला बघायची होती.

जुन्या कॅमेऱ्यांवर तेवीस दिवसांपर्यंतचं मागचं दिसायचं, हे मला नक्की आठवतं. मग नव्यावर सहाच का? डिस्क खराब झाली का? गेलेलं रेकॉर्डिंग काढता येईल का? आणि निदान एक महिना राहावं यासाठी काय करावं लागेल?

लातूर_कॉम्प्युटर

ताई, डिस्क लगेच बाहेर काढा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने स्कॅन करा, बऱ्याच वेळा निघतं. पुढच्यासाठी सरळ क्लाउडवर टाका, म्हणजे डिस्कचा विषयच संपला.

नांदेड_सीसीटीव्ही

ताई, आधी वाईट बातमी सांगतो, म्हणजे तुम्ही उगाच पैसे घालवणार नाहीत. ते सतरा दिवसांपूर्वीचं आता निघत नाही. फक्त फॉरमॅट झालेल्या किंवा डिलीट केलेल्या डिस्कवरून निघू शकतं, कारण तिथे जागा मोकळी झाली असं लिहिलेलं असतं, माल तिथेच पडून असतो. तुमच्या डीव्हीआरने डिस्क भरली की सगळ्यात जुन्यावर नवं लिहायचं, असं फिरतं रेकॉर्डिंग केलंय. सहा दिवसांत एक फेरा धरला तर त्या जागेवर दोनदा नवं लिहून झालं. लातूरच्या भावांचा सल्ला फॉरमॅटसाठी बरोबर आहे, इथे लागू होत नाही.

डिस्क खराब आहे असंही नाही. हा हिशोब आहे, आणि तो तुम्हाला बसवणाऱ्याने करून द्यायला पाहिजे होता.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट नावाचा आकडा असतो, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो तो. तो एमबीपीएसमध्ये घ्या आणि १०.८ ने गुणा. एका कॅमेऱ्याला दिवसाला किती जीबी लागतात ते आलं. जुने कॅमेरे १ एमबीपीएसवर असणार: एकाला १०.८ जीबी, आठांना ८६.४. दोन टीबीला भागा, २३ दिवस. तुम्हाला आठवतंय तेवढेच! नवे पाच मेगापिक्सेलचे बहुतेक ४ एमबीपीएसवर सोडलेत: एकाला ४३.२, आठांना ३४५.६ जीबी रोज. दोन टीबी पावणेसहा दिवसांत भरली. तुमच्या कॅलेंडरवर सहा तारखा रंगल्या त्या याच.

मी हे काम व्हीसीआर होते तेव्हापासून करतोय. तेव्हा सराफाच्या दुकानात टाइमलॅप्स व्हीसीआर असायचा. तीन तासांची टेप तो सावकाश फिरवून चोवीस तास पुरवायचा. तारखेप्रमाणे एकतीस कॅसेटी रॅकमध्ये, एक तारीख आली की पहिल्या कॅसेटीवर पुन्हा लिहायचं. चित्र अगदीच गरीब, माणूस चालताना उड्या मारत जायचा, पण शेटजीला रॅककडे बघून कळायचं की आपल्याकडे एक महिना आहे. मागचं किती शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसायचं. पुढे कॉम्प्युटरमध्ये कार्ड घालून चार कॅमेरे चालवले, मग डीव्हीआरचे डबे आले. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तुमच्या आताच्या चित्रात त्याच्या पन्नासपट ठिपके आहेत. हे सगळं डब्याच्या आत गेलं आणि रॅककडे बघायची सवय सुटली. आज मी जिथे नवीन कॅमेरे बसवतो तिथे मालकाला एकच शिकवतो, कॅलेंडर उघडून सगळ्यात जुनी तारीख कोणती ते दर सोमवारी बघायचं.

आता चित्र कमी जागेत दाबून भरायचं तंत्र. एच.२६४ हे २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. दुसऱ्याने साधारण तेवढ्याच चित्राला जवळपास निम्मी जागा लागते. तुमच्या डीव्हीआरमध्ये एच.२६५ असणारच, पण बऱ्याच ठिकाणी एच.२६४ वरच सोडून दिलेला मी पाहिलाय. बघा आणि बदला. एक लक्षात ठेवा, निम्मी जागा लागेल हे स्थिर चित्राला जास्त खरं असतं. सौदा चालू असताना तुमच्या ओट्यावर शंभर माणसं हलतात, तेव्हा बचत कमी होते. रात्री उलटंच होतं. माणूस नाही पण अंधारात कॅमेरा चित्र ओढून उजळ करतो, त्याने चित्रावर मुंग्या येतात, आणि सॉफ्टवेअर त्या प्रत्येक मुंगीला हालचाल समजून जागा खर्च करतं. त्यात भिंगासमोर कोळ्याचं जाळं असेल तर इन्फ्रारेडच्या उजेडात पांढऱ्या दोऱ्या रात्रभर हलतात. तुमच्याकडे सोयाबीनचं भुसकट आणि धूळ उडते, जाळं लागणारच. आठवड्याला मऊ फडकं फिरवा. फुकटात होणारं काम आहे आणि कोणी करत नाही.

डिस्क घेताना जांभळं स्टिकर किंवा स्कायहॉक लिहिलेली, म्हणजे सीसीटीव्हीसाठीचीच घ्या. हा विक्रीचा डाव नाही. रोज ३४५ जीबी म्हणजे वर्षाला १२६ टीबी लिहिणं. बाराकुडासारख्या घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कला कंपनीच्याच कागदावर वर्षाला ५५ टीबी आणि २४०० तास दिलेले असतात, आणि वर्षात तास ८७६० असतात. सीसीटीव्हीच्या डिस्कला १८० टीबी दिलेत, चोवीस तास चालायचं धरून. दुसरा फरक आतल्या सॉफ्टवेअरचा. साधी डिस्क खराब जागा सापडली की पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, तिला फाइल वाचवायची असते. तेवढ्यात मागून आठ कॅमेऱ्यांचं चित्र येऊन थांबतं आणि मधला तुकडा गायब होतो. सीसीटीव्हीची डिस्क ती जागा सोडून पुढे जाते. एखादं चित्र गेलं तरी काही बिघडत नाही, दहा सेकंद गेले तर कट्टे मोजता येत नाहीत.

माझी शिफारस: काट्यावरचा आणि गेटवरचा एक, असे दोन कॅमेरे ४ एमबीपीएसवरच ठेवा. बाकी सहा एच.२६५ वर दीडवर आणा, आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला घेतलेली चित्रं, २५ ऐवजी १५ करा. रोजचे १८३ जीबी होतील. सहा टीबीची डिस्क घातली तर बत्तीस दिवस. घ्यायच्या आधी डीव्हीआरच्या पुस्तिकेत तो किती टीबीपर्यंत डिस्क घेतो ते बघा. आणि गोदामाच्या बंद खोलीत मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशात डबा कपाटात कोंडू नका, उष्णतेने डिस्क आधी जाते.

परभणी_आडत

दादा, आत्ताच सेटिंग उघडून बघितली. आठही कॅमेरे एच.२६४, ४०९६ केबीपीएस, २५ फ्रेम. तुम्ही लिहिलं तसंच! डिस्कवर हिरवं स्टिकर आहे, साधी कॉम्प्युटरची. तुम्ही न बघता सांगितलंत. तीन कॅमेऱ्यांवर जाळं होतं, पोराला शिडी देऊन काढून घेतलं.

लातूरच्या दादांनी क्लाउडचं लिहिलंय, त्याचं काय? आणि एखादा वाद झाला तर क्लिप कशी ठेवायची?

नांदेड_सीसीटीव्ही

क्लाउडचा पण गुणाकार करा. आठ कॅमेरे गुणिले ४ म्हणजे ३२ एमबीपीएस, तेही अपलोड, रात्रंदिवस. महिन्याला दहा टीबीच्या वर. मोंढ्यात लाइट गेली, नेट गेलं, की तेवढं रेकॉर्डिंग गेलं. फक्त काट्याच्या कॅमेऱ्याची हालचालीची क्लिप क्लाउडवर ठेवली तर चालेल, म्हणजे डबाच चोरीला गेला तरी हातात काही राहतं. आठही कॅमेरे नकोत.

डीव्हीआरला यूपीएस लावा आणि तारीख-वेळ नेटवरून आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा. मानवतकडच्या एका जिनिंगला आग लागली तेव्हा मला रेकॉर्डिंग काढायला बोलावलं होतं. डब्यातला छोटा सेल मेलेला, नेट जोडलेलं नव्हतं, लाइट गेली की घड्याळ १ जानेवारी २००० वर जायचं. लाइट त्या महिन्यात किती वेळा गेली त्याला गणती नाही. आग होती, धूर होता, माणसं पळताना दिसत होती, आणि कोपऱ्यात तारीख २००० सालची. भिंतीवरच्या घड्याळाशी आणि वॉचमनच्या पाळीशी जुळवत दोन दिवस गेले. सेल वीस-पंचवीस रुपयांचा असतो.

पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले होते, कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले.

क्लिपबद्दल वकील साहेब सांगतील. माझ्याकडून एवढंच, मूळ फॉरमॅटमध्ये काढा आणि त्या कंपनीचा प्लेअर पण त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. दहा वर्षांपूर्वीचे डबे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडायचे, तो जून २०२२ ला बंद झाला. आज त्या क्लिपा घेऊन लोक माझ्याकडे येतात, क्लिप आहे आणि उघडायला काही नाही.

जालना_वकील

या विषयावरचा देशातला महत्त्वाचा निकाल आमच्या जालन्याच्या खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुराव्यात आलं, पण ती प्रत कोणत्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. न्यायालयाने सांगितलं की प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून दाखवलं तर त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेच आता कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिलाय, त्यात दोन भाग आहेत. पहिला यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी, म्हणजे तुम्ही, आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा ठसा समजा, आत एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून क्लिप काढल्या त्याच दिवशी हॅश काढून वहीत लिहा. कापलेली, व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप आणू नका, तिचा ठसा वेगळाच असतो.

ताई, तुमचा प्रश्न न्यायालयापर्यंत जायचा नाही, जाऊही नये. पण हिशोबाचा वाद कळला त्या क्षणी क्लिप बाजूला काढणं, हे दोन्हीकडे सारखंच लागतं.

परभणी_आडत

बावीस दिवसांनी लिहितेय. सहा टीबीची डिस्क बसली, आकडे नांदेडच्या दादांनी दिले तसे ठेवले. जुनी दोन टीबीची पुसली नाही, पाकिटात घालून तारीख लिहून कपाटात ठेवलीय. आज कॅलेंडरवर बावीस तारखांना रंग आहे आणि सगळ्यात जुनी तारीख डिस्क बसवली त्या दिवसाची.

वडिलांनी एक बदल केला. कट्टे आता काट्यासमोर पाच-पाचच्या थप्पीने लागतात आणि मापाडी प्रत्येक थप्पीला हात वर करतो. स्क्रीनवर पाच वर्षांच्या पोरालाही मोजता येईल असं दिसतं. पट्टीच्या खाली मी छापून घेतलंय, "मोजणीबद्दल शंका असल्यास ३० दिवसांच्या आत या, रेकॉर्डिंग दाखवू."

काकांना वडिलांनी स्वतः जाऊन बोलावलं. काल आले, चहा घेतला. मी त्यांना कॅलेंडर उघडून दाखवलं आणि तेव्हा सहाच दिवस का होते तो हिशोब कागदावर मांडून दिला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. माल अजून आणलेला नाही.