मदत हवी आहे: ट्राउटच्या फ्लाय घरी बांधतेय, पण चार वेळा पाण्यात गेली की सोलून निघतेय (पुणे)

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. हा धागा मासेमारीत टाकायचा की हस्तकलेत ते मलाच कळेना, चुकीच्या जागी पडला असेल तर ॲडमिननी उचलून ठेवावा.

तर झालंय असं की दसरा झाला की बाबांना घेऊन हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जायचंय. बाबा वय ६८, आयुष्यभर खडकवासल्याच्या बाजूला कणकेचा गोळा लावून बसलेले, आता त्यांना एकदा ट्राउट बघायचीय, नुसती बघायची नाही तर गळाला लागलेली बघायचीय. तिथे फ्लाय (गळावर दोरा-पिसं बांधून केलेली खोटी माशी) विकत मिळतील, भाड्यानेही सगळं मिळेल, हे मला माहितीय, कृपया तेच सांगू नका. मला स्वतः बांधायच्यात. भरतकामात हात बरा आहे तर हे जमेल असं वाटलं आणि इथेच माती खाल्ली.

ऑनलाइन एक स्वस्तातलं किट मागवलं, त्यातल्या वाईसचा (गळ धरून ठेवायच्या पकडीचा) जबडा पहिल्याच दिवशी गळ सोडायला लागला, मग जुन्या बाजारातून सोनारकामाचा छोटा हातवाईस आणून टेबलाला क्लॅम्प केला, तो मात्र झकास पकडतो. गळ इथल्याच दुकानातले १२ नंबरचे. दोरा घरातलाच शिलाई मशीनचा काळा. पिसं आमच्या नेहमीच्या चिकनवाल्याकडून, त्याने आधी माझ्याकडे असं बघितलं की ताई बऱ्या आहात ना, आणि मग पिशवी भरून पांढरी पिसं फुकट दिली.

आता प्रॉब्लेम. बांधून झाली की दिसायला बरी दिसते, पण बोटाने जरा ढकललं की अख्खं अंग दांडीभोवती गोल फिरतं. पिसाचे दोन-तीन वेढे दिले की ते चारी बाजूंनी ताठ उभं राहायला पाहिजे ना, तर ते भिजल्या मांजरासारखं आडवं पडतं. बादलीत टाकली तर सरळ तळाला, ड्राय फ्लाय म्हणे तरंगते! आणि तोंडाकडे गाठी मारता मारता इतका गोळा होतो की नेढंच बुजतं, तंगूस ओवायला सुई घालून भोक मोकळं करावं लागतं.

पुण्यात चांगला फ्लायचा दोरा आणि पिसं कुठे मिळतील? वरून श्रावण सुरू आहे, सासूबाईंनी पिसांची पिशवी गॅलरीत हलवलीय आणि कावळ्यांनी ती फोडलीय, म्हणजे तसाही नवीन माल लागणारच आहे.

रीळवाला

भाऊ आधी एक क्लोजअप फोटो टाका. आणि हे सांगा की अंग गुंडाळायच्या आधी नुसत्या दांडीवर दोऱ्याचा थर देताय का? की डायरेक्ट पीस लावायला घेताय?

बिनपाण्याचा_मासा

मुठेत ट्राउट सोडली तर दुसऱ्या दिवशी पीएमटी पकडून हिमाचलला परत जाईल. असो, चालू द्या.

मुठाकाठची

भाऊ नाही, ताई. फोटो टाकलाय, हसू नका. थर वगैरे काही देत नाही, डायरेक्ट शेपटीपासून सुरू करते. द्यायचा असतो का? व्हिडिओत तो माणूस इतक्या भराभर हात चालवतो की ते मला नुसतं दोरा पुढून मागे नेणं वाटलं.

रीळवाला

सॉरी ताई. मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. गळाची दांडी गुळगुळीत पॉलिशची, तिच्यावर तुम्ही पीस किंवा लोकर बांधता म्हणजे काचेच्या बांगडीवर सुतळी बांधल्यासारखं, फिरणारच. नेढ्याच्या मागे, नेढ्याएवढीच जागा मोकळी सोडून दोरा सुरू करायचा, पहिले पाच-सहा वेढे स्वतःच्याच टोकावर चढवायचे म्हणजे ते दाबलं जातं, मग एकाशेजारी एक वेढे देत बाकापर्यंत जायचं. सुरू करायच्या आधी दांडीला नेलपेंटचं एक बोट लावलंत तर आणखी छान, ओलं असतानाच वेढे द्या. त्या थरावर जे बांधाल ते धरून राहतं.

दुसरं म्हणजे ताण. फोटोत वेढे सैल दिसतायत. दोरा तुटेल त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, गळ किंचित वाकलेला जाणवला पाहिजे. सुरुवातीला दहा वेळा तुटेल, तुटू दे, त्याशिवाय हाताला अंदाज येत नाही. आणि पीस किंवा शेपूट बांधताना सरळ दोरा ओढलात तर ते दोऱ्याबरोबर पलीकडे घसरतं. चिमटीत धरायचं, चिमटीतच एक सैल वेढा घ्यायचा आणि मग खाली ओढून आवळायचा.

ती नेढ्यामागची मोकळी जागा विसरू नका. सगळे तिथेच मरतात. मी पहिल्या वर्षी शंभरेक तरी बुजवल्या असतील.

सुई_दोरा

मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, पण धाग्याचं नाव वाचून आले आणि खरंच दोऱ्याचाच प्रश्न निघाला. शिलाईचा दोरा दोन-तीन पदरी घट्ट पिळाचा असतो, तो चपटा बसतच नाही, गोल दोरीसारखा बसतो, म्हणून तुमचं ते तोंड फुगतंय. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा घ्या, रिळावर १२०/२ लिहिलेलं असतं, तो चकचकीत आणि पिळाला हलका असतो. रेयॉनचा घेऊ नका, दिसतो सेमच पण ओला झाला की दम नसतो त्यात. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास आरीवर्क आणि जरीचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे मिळेल, तुळशीबागेतही मिळतो. तिथेच बारीक जरी पण बघा, फोटोत त्या माशीच्या अंगावर चकचकीत पट्टे दिसतायत ते जरीनेच होतील असं वाटतं.

आणि दोरा कशात धरता? लोंबकळत ठेवला तर पीळ आपोआप उलगडतो किंवा चढतो. उलगडणाऱ्या बाजूला फिरवून घेतलात तर आणखी चपटा बसेल.

मुठाकाठची

अय्या हे कुणीच सांगितलं नव्हतं! मी रीळ कपड्याच्या चिमट्याला अडकवून लोंबकळत ठेवते, तो गरागरा फिरत असतो आणि मला वाटायचं फिरू दे, आपलं काय जातंय.

पण पिसांचं काय? ते आडवं का पडतं? आणि तरंगत का नाही?

पाणकोळी_काका

ताई, मी हिमाचल-काश्मीर बऱ्याचदा केलंय म्हणून जरा लांबडं लिहितो.

तुमच्या पिसांचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आसपास कापली जाते. म्हणजे पोरगंच ते. ड्राय फ्लायला लागतं ते वाढलेल्या कोंबड्याच्या मानेचं पीस, लांब, निमुळतं, चकचकीत, ज्याचे केस ताठ असतात आणि बुडाशी ती मऊ लव अगदी कमी असते. ती लव पाणी पिते. ब्रॉयलरचं पीस म्हणजे नुसती लवच. अमेरिकेत तर फक्त या पिसांसाठी कोंबडे पिढ्यानपिढ्या निवडून वाढवतात, त्यांच्या मानेचं कातडं महाग विकलं जातं ते उगाच नाही. तुम्हाला पाहिजे असेल तर गावरान कोंबडा, चांगला वर्ष-दीड वर्षाचा, त्याची मान मागा. पण ते गटारीच्या आधी सांगायला हवं होतं, आता श्रावणात कोण कापतोय.

दुसरी गोष्ट गळ. इथे मिळतात ते जाड तारेचे, चिलापी आणि मरळ ओढून काढायला केलेले. ड्राय फ्लायचा गळ बारीक हलक्या तारेचा असतो. तुम्ही जाड गळावर जगातलं बेस्ट पीस लावलंत तरी ते बुडणारच. नंबर १२ म्हणून काही होत नाही, नंबर मापाचा, तार वेगळी. ट्राउटला १२ ते १६ वापरा, आकडा वाढला की गळ लहान होतो हे लक्षात असू दे, आणि उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडताना त्याच्या तोंडाची चाळण होत नाही.

आता माझं स्पष्ट मत. ड्राय फ्लाय सोडा. म्हणजे आत्तापुरती. तुमच्याकडे जे आहे ते सगळं बुडणारं आहे तर बुडणारीच फ्लाय बांधा ना! ट्राउट पाण्यावरचं खाते तेव्हा दिसते म्हणून सगळ्यांना त्याचं वेड, पण तिचं बहुतेक जेवण पाण्याखाली चालतं, दगडाखालच्या अळ्या वगैरे. इंग्लंडात एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदीचा राखणदार होता, त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची जी निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय) केली ती आज जगभर वापरतात आणि तिच्यात दोरा नाहीच, नुसती बारीक तांब्याची तार. तारच वजन देते, तारच बांधते. त्याचीच दुसरी एक आहे, किलर बग, तिच्यात तर पीससुद्धा नाही. लोकर आणि तांब्याची तार, संपलं. मूळची केली ग्रेलिंग नावाच्या माशासाठी, पण ट्राउटही खाते. तो चॅडविक्स ४७७ नावाची रफू करायची लोकर वापरायचा, ती कधीच बंद झाली, तिच्या जुन्या कार्डांसाठी लोक अजून जीव टाकतात. तुम्ही टाकू नका. करडट, किंचित गुलाबी झाक असलेला कुठलाही जुना लोकरी स्वेटर उसवा, फक्त ॲक्रिलिक नको.

तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे. ३८ किंवा ४० गेज म्हणा, ४० म्हणजे साधारण ०.१२ मिलीमीटर. तो किलोवर विकतो, तुम्हाला पाच ग्रॅम लागते, त्यामुळे एखादा चहा पाजा आणि तुकडा मागून आणा.

मी असं करतो: तारेचे दोन थर दांडीवर, लोकर नेढ्याकडे नेऊन परत मागे आणायची आणि शेवटच्या गाठी मागे बाकाकडे मारायच्या. नेढं बुजायचा प्रश्नच मिटला.

घाटावरचा

लोकरच पाहिजे तर घोंगडीची घ्या की! अस्सल दख्खनी मेंढी.

पाणकोळी_काका

केलंय. फार राठ, वेढा नीट बसत नाही. पण कात्रीने बारीक कापून स्वेटरच्या लोकरीत मिसळलीत तर अंगाला छान खरखरीतपणा येतो, खऱ्या अळीच्या पायांसारखा.

मुठाकाठची

काका काय सांगू, डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी दोन आठवडे पिसांच्या मागे धावतेय आणि लागतच नाहीत म्हणे! एक विचारायचं राहिलं, वेल्ह्याकडचा एक नातेवाईक म्हणतो रानकोंबड्याची मान आणून देतो, ती म्हणे फ्लायवाल्यांत फार भारी समजतात. ठेवू का पुढच्यासाठी?

पाणकोळी_काका

अजिबात नाही. स्पष्ट नाही म्हणा त्याला. आपला सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे ठिपके असतात, साहेबांच्या सॅल्मन फ्लायमध्ये त्यांना डोळा म्हणून लावायची फॅशन होती आणि त्यापायी किती कोंबडे गेले असतील. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, मारणं सोडा, मान घरात सापडली तरी निस्तरता येणार नाही. मोराचं गळालेलं पीस देशात चालतं, त्याची एकेक काडी गुंडाळून हिरवं चमकदार अंग होतं, पण परदेशातल्या मित्राला फ्लाय भेट पाठवायला जाऊ नका, निर्यातीला बंदी आहे.

आणि मासे धरायचा परवाना तिथे गेल्यावर मत्स्य विभागाकडून काढा, दोघांचे वेगळे. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, म्हणजे दसऱ्यानंतर फार रेंगाळू नका.

मुठाकाठची

नातेवाइकाला नाही कळवलं. जरा रुसलाय.

तर अपडेट. नाना पेठेतल्या एका रिवाइंडिंगवाल्याने तार दिली, पैसे घेतले नाहीत, पण कशाला पाहिजे हे ऐकून शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून माझ्याकडून परत सांगून घेतलं. लोकर सासूबाईंच्याच जुन्या शालीची, त्यांनी स्वतः काढून दिली, पिसं नाहीत म्हटल्यावर एकदम पार्टी बदलली त्यांनी. पहिल्या तीन भयानक झाल्या, चौथी बरी, अकरा झाल्यात आत्तापर्यंत. रात्रभर ग्लासात बुडवून ठेवल्या, सकाळी पकडीत धरून पिळून बघितल्या, एक फिरली, दहा जागच्या जागी. सुई_दोरा ताईंचा १२०/२ पण आणलाय, तो ब्रॉयलरच्या मऊ पिसाचा एकच वेढा देऊन बुडणारी माशी करायला वापरला, आणि तिथे ते आडवं पडणारं पीस चक्क छान दिसतंय, पाण्यात हलतं पायांसारखं.

शेवटच्या गाठीसाठी व्हिप फिनिश (दोरा स्वतःवरच गुंडाळून आवळायची गाठ) अजून जमत नाही, माझा तिसरा हात कमी पडतो. कुणाकडे सोपी युक्ती?

रीळवाला

रिकाम्या बॉलपेनचं टोक घ्या, रिफिल काढून. त्याच्या टोकावर दोऱ्याचा एक फास घ्या, भोक नेढ्यावर टेकवा आणि फास गळावर सरकवून ओढा. असे तीन-चार फास (हाफ हिच) मारा, वर नेलपेंट. बिनरंगी घ्या, मी एकदा बायकोचं मरून लावलं होतं.

आणि तीर्थनच्या आधी एकदा इथे कशावर तरी टाकून बघा. चिलापी खाते.

मुठाकाठची

गेल्या रविवारी मावशीकडे इंदापूरला गेलो होतो, उजनीच्या फुगवट्याला. तिथल्या भोईदादांना विचारून काठावर बसलो. फ्लायचा रॉड अजून आलेला नाही म्हणून बाबांच्याच रॉडला, तंगूसच्या टोकाला माझी लोकरीची फ्लाय, वर एक छोटा मणी वजनाला. बाबा शेजारी त्यांचा कणकेचा गोळा लावून, मध्येमध्ये माझ्याकडे बघून गालात हसत. पाऊण तास काही नाही. मग एक हिसका, हाताएवढी चिलापी, आणि पाठोपाठ दुसरी. सोडल्या दोन्ही. फ्लाय तपासली, लोकर जरा पिंजली होती पण अंग फिरलं नव्हतं.

बाबांनी काही न बोलता कणीक बाजूला ठेवली आणि डबीतली एक मागितली. पेनाची युक्ती मस्त चालते. आता अकरातल्या सातच उरल्यात, दोन झुडपात आणि दोन बाबांच्या शर्टात, शर्टातल्या निघेनात, उलटा काटा दाबायचा विसरले होते.