हँडल वळवलं की फ्यूज का उडतो

बाइकला उंच हँडल बसवल्यापासून ते डावीकडे पूर्ण वळवलं की फ्यूज उडतो, म्हणजे वायर कुठेतरी चेपलीय किंवा ताणून सोललीय. रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा डबा) बदलायच्या फंदात पडू नका. जास्त अँपिअरचा फ्यूज तर अजिबात नको, मग फ्यूजऐवजी हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जळतो.

फ्यूज काढून त्याच्या खाचेतल्या दोन टोकांना १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा. हेडलाइटचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा, चावी चालू करून हँडल सावकाश फिरवा. ज्या कोनात बल्ब भक्कन पेटेल, तिथे शॉर्ट. पहिला संशय हँडलवरच्या स्विचच्या दोन अर्ध्या डब्यांच्या फटीवर: आतला खुंटा नव्या पाइपच्या भोकात नीट बसला नसेल, तर स्क्रू आवळताना वायर दाबली जाते. मग स्टिअरिंग हेडजवळ, म्हणजे हँडल जिथे फ्रेमवर फिरतं तिथे, पाहा.

वायर तोकडी पडत असेल तर ओढाताण नको. ०.७५ चौ.मिमी.ची वायर, सोल्डर, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). सगळे जोड एकाच जागी आणू नका, जुडगा फुगतो. नुसती चिकटपट्टी पावसाळ्यात सुटते.

सेल्फ स्टार्टही मुका असेल तर क्लच लीव्हरजवळचा स्विच मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी (जोड तपासायच्या) सेटिंगवर तपासा. अनेक गाड्यांत लीव्हर दाबल्यावर बीप यायला हवा.